दिसलं का? नेत्रतज्ज्ञ होताना काय, कोणत्या क्रमाने आणि कसं शिकावं

नेत्रविभागातल्या पोस्टिंगचा दुसरा दिवस. सरांनी माझ्या हातात डायरेक्ट ऑप्थॅल्मोस्कोप, म्हणजे डोळ्याचा तळ पाहायचं छोटं यंत्र, दिला. समोर बसलेल्या आजोबांच्या डोळ्यात मी तो रोखला आणि मिनिटभर धडपडलो.

"डिस्क दिसली?"
"हो, सर."
"कप केवढा?"
"नॉर्मल आहे, सर."

डिस्क म्हणजे डोळ्याच्या तळाशी दृष्टिचेता (डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस) सुरू होते ती गोल जागा, आणि कप म्हणजे तिच्या मध्यातला खळगा. मला दिसलं होतं ते फक्त तांबूस धुकं आणि माझ्याच पापण्या. आजोबांचा कप जवळजवळ डिस्कच्या कडेला भिडलेला होता, म्हणजे काचबिंदू बराच पुढे गेलेला. सर काही बोलले नाहीत. त्यांनी स्वतः पाहिलं आणि औषध लिहिलं. माझ्या "नॉर्मल"वर कुणी विसंबलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मला खूप उशिरा सुचला.

या विषयाच्या शिक्षणातली मुख्य अडचण हीच आहे. यकृत मोठं झालंय का, हे शिकवणारा तुमच्या हातावर हात ठेवून दाखवू शकतो. डोळ्यात मात्र तुम्हाला काय दिसतंय, हे तुमच्याशिवाय कुणालाच कळत नाही. म्हणून शिकण्याचा क्रम असा ठेवा: आधी नजर, मग दिसलेलं मांडता येणं, आणि हात सगळ्यात शेवटी. बहुतेक जण हाताच्या ओढीने या शाखेत येतात आणि पहिलं वर्ष ऑपरेशन थिएटरच्या दाराकडे बघण्यात घालवतात.

पदवीच्या वर्षांत: दोन आठवड्यांत काय साधायचं

बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांत नेत्रविभागाची पोस्टिंग काही आठवड्यांचीच असते. तेवढ्यात सगळे आजार पाठ करायला जाऊ नका. दृष्टी मोजणं, बाहुल्या तपासणं, डोळ्यांच्या हालचाली, समोरासमोर बसून दृष्टिक्षेत्र पाहणं आणि डिस्क शोधणं, एवढं हातात बसवा. पुढे मेंदूविकाराचे किंवा बालरोगाचे डॉक्टर झालात तरी हे कामाला येईल.

दृष्टी मोजणं सोपं वाटतं, म्हणूनच त्यात सर्वांत जास्त चुका होतात. हेर्मान स्नेलन यांनी 1862 मध्ये मांडलेल्या तक्त्याचं तत्त्व आधी समजून घ्या. ठरावीक अंतरावरून अक्षर 5 मिनिटांचा कोन करतं आणि त्यातली प्रत्येक रेघ 1 मिनिटाचा. 6/60 म्हणजे इतरांना 60 मीटरवरून वाचता येतं ते या माणसाला 6 मीटरवरून वाचता येतंय. दुसरा डोळा पेशंटच्या बोटांनी झाकू देऊ नका, फटीतून सगळे वाचतात. त्याच्या तळव्याने किंवा झाकणीने झाका. नेहमीचा चष्मा लावून मोजा. कमी वाचलं तर पिनहोल द्या. सुमारे 1.2 मिलिमीटरच्या भोकातून दृष्टी सुधारली तर दोष बहुधा नंबराचा आहे, नाही सुधारली तर पुढे शोध घ्या. तक्ता मुळीच दिसत नसेल तर अंतर कमी करा, मग बोटं मोजायला लावा, मग हाताची हालचाल, मग उजेड. आणि "उजेडही कळत नाही" असं लिहिण्यापूर्वी दुसरा डोळा पूर्ण झाकून, मिळेल तो सर्वांत प्रखर दिवा वापरून पुन्हा खात्री करा. ते एक वाक्य माणसाच्या कागदपत्रांत कायमचं बसतं.

बाहुल्यांची तपासणी अंधुक खोलीत, प्रखर टॉर्चने, पेशंटला लांब बघायला सांगून करा. उजेड एका डोळ्यावर दोन-तीन सेकंद, मग पटकन दुसऱ्यावर, पुन्हा पहिल्यावर. उजेड पडूनही एखादी बाहुली आकुंचन पावण्याऐवजी मोठी होत असेल तर त्या बाजूच्या दृष्टिचेतेत किंवा रेटिनात (डोळ्यामागच्या पडद्यात) मोठा बिघाड आहे. नुसत्या मोतीबिंदूने, कितीही पिकलेला असला तरी, असं होत नाही. म्हणून मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी ही तपासणी राहिली तर नंतर "ऑपरेशन छान झालं, पण दिसत का नाही?" या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नसतं.

ऑप्थॅल्मोस्कोपशी दोस्ती

हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी 1851 मध्ये हे उपकरण जगासमोर ठेवलं, तोवर जिवंत माणसाच्या डोळ्याचा तळ कुणी नीट पाहिलेला नव्हता. अडचण साधी होती: बाहुलीतून आत डोकावणारं डोकंच उजेड अडवतं. त्यांनी तिरक्या काचेवरून उजेड आत सोडला आणि त्याच काचेतून पाहिलं. तुमच्या हातातलं यंत्र आजही त्याच युक्तीवर चालतं.

पद्धत अशी. पेशंटचा उजवा डोळा उजव्या हाताने, तुमच्या उजव्या डोळ्याने पाहा. डावा डाव्याने. सुरुवातीला डावा डोळा वापरणं विचित्र वाटतं, पण आठवडाभर रेटा. खोलीत अंधार करा. पेशंटला दूरची एक ठरावीक खूण द्या आणि "मी मध्ये आलो तरी तिकडेच बघा" असं बजावा. हातभर अंतरावरून बाहुलीतली लाल चमक पकडा. चमकेत काळा डाग असेल तर वाटेत काहीतरी अपारदर्शक आहे. लहान मुलाच्या बाहुलीत लालऐवजी पांढरी चमक दिसली तर तिथेच थांबून वरिष्ठांना बोलवा, कारण रेटिनोब्लास्टोमा हा कर्करोग तसाच दिसतो. आता बाहेरच्या बाजूने, सुमारे 15 अंशांच्या कोनातून, चमक न सोडता अगदी जवळ या. बहुतेक जण निम्म्या वाटेत थांबतात. तुमची बोटं पेशंटच्या गालाला टेकली पाहिजेत. भिंगांची चकती फिरवून एखादी रक्तवाहिनी स्पष्ट करा. वाहिन्या जिथे फाटे फोडतात तिथला कोन बाणासारखा डिस्ककडे रोखलेला असतो. त्या दिशेने सरकलात की डिस्क सापडते.

वर्गातल्या वीस मित्रांचे डोळे असे पाहा. निरोगी डिस्कचे वीस प्रकार पाहिल्याशिवाय आजारी डिस्क ओळखू येत नाही. आणि नाही दिसलं तर "नाही दिसलं" म्हणा. चांगला शिक्षक रागावत नाही, तुमचं स्टूल पुढे सरकवतो.

रेसिडेन्सीचे पहिले सहा महिने: स्लिट लॅम्प

निवासी डॉक्टर म्हणून रुजू झालात की दिवसाचे बरेच तास स्लिट लॅम्प या यंत्रामागे, म्हणजे फटीएवढ्या झोताने डोळा पाहायच्या मायक्रोस्कोपमागे, जातील. म्हणून पहिल्या दिवशी पेशंट बसवण्याआधी स्वतः नीट बसा. खुर्चीची उंची, कोपराला आधार, मान सरळ. माझ्या मानेचं दुखणं पहिल्याच वर्षात सुरू झालं, ते टाळता आलं असतं. मग दोन्ही आयपीस, म्हणजे डोळे लावायच्या नळ्या, यांच्यातलं अंतर तुमच्या बाहुल्यांइतकं करा आणि प्रत्येक आयपीस वेगवेगळा फोकस करा. आधीचा माणूस आपला नंबर त्यात ठेवून गेलेला असतो. "मला खोली कळत नाही" म्हणणाऱ्या निम्म्या नवख्यांची तक्रार इथेच मिटते.

तपासणी सर्वांत कमी मोठं दाखवणाऱ्या भिंगापासून सुरू करा आणि बाहेरून आत जा: पापण्या, कंजंक्टिव्हा (पांढऱ्या भागावरचं पातळ आवरण), कॉर्निया (समोरचा पारदर्शक पडदा), पुढचा कप्पा (कॉर्निया आणि आयरिस यांच्यामधली जागा), आयरिस (बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा), भिंग. आधी पसरट उजेड, मग बारीक फट 45 अंशांतून. फटीत कॉर्निया एखाद्या पावाच्या कापासारखा आडवा दिसतो. मध्यभागी त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरहून किंचितच जास्त असते. व्रण वरवरचा की खोल, हे त्या कापातच ठरतं. पुढच्या कप्प्यातल्या, आतली सूज दाखवणाऱ्या पेशी शोधायच्या तर खोलीत पूर्ण अंधार, उजेड पूर्ण आणि झोत 1 मिलिमीटर बाय 1 मिलिमीटरचा. अंधाऱ्या खोलीत कवडशात धूळ तरंगताना दिसते, तसंच ते दृश्य. डोळे अंधाराला सरावायला थोडा वेळ द्या, घाईत पेशी दिसत नाहीत.

तपासणीचा क्रम मोडू नका, कारण एक पायरी दुसरीचा पुरावा पुसून टाकते. बाहुली मोठी करणारे थेंब टाकले की बाहुल्यांची प्रतिक्रिया गेली आणि कोन (कॉर्निया आणि आयरिस जिथे भेटतात ती खाच) पाहण्याची संधीही गेली. अरुंद कोनाच्या डोळ्यात तर त्याच थेंबांनी दाब अचानक चढू शकतो. म्हणून दृष्टी, बाहुल्या, हालचाली, स्लिट लॅम्प, दाब, कोन, आणि मगच थेंब.

दाब मोजण्यासाठी गोल्डमन टोनोमीटर हातात बसलाच पाहिजे. भूल देणारा थेंब, थोडंसं फ्लुओरेसिन (चमकणारा रंग), निळा उजेड. हिरवी अर्धवर्तुळं दिसली की त्यांच्या आतल्या कडा एकमेकींना टेकवा आणि चकतीवरचा आकडा दहाने गुणा. अर्धवर्तुळं जाड असतील तर रंग जास्त झालाय, वाचन खोटं वाढेल. पेशंट श्वास रोखून धरत असेल, गळ्याशी कॉलर आवळलेली असेल किंवा तुम्ही पापणी उचलताना डोळाच दाबत असाल, तरी आकडा फुगतो. नेहमीची मर्यादा 10 ते 21 मिलिमीटर पारा धरतात, पण पातळ कॉर्नियाचा 18 आणि जाड कॉर्नियाचा 18 एकच नाहीत.

आता सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात फळणारी सवय: चित्र काढा. प्रत्येक पेशंटचं. कॉर्नियावरचा व्रण किती मिलिमीटर, कुठल्या तासाच्या रेषेवर, कडा कशा. फोटो काढता येतो हे खरं, पण फोटो कॅमेरा काढतो. चित्र काढायला बसलं की "कड कुठे संपते?" हा प्रश्न पडतो आणि तुम्ही पुन्हा आयपीसला डोळे लावता. ती दुसरी नजरच शिकवते.

रिफ्रॅक्शनला कमी लेखू नका

चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे ऑप्टोमेट्रिस्टचं काम, असं म्हणून हात झटकणारे रेसिडेंट मी दरवर्षी पाहतो. तीच मंडळी पुढे ऑपरेशननंतर नंबर राहिलेल्या पेशंटपुढे गप्प होतात.

रेटिनोस्कोप, म्हणजे झोत टाकून नंबर काढायचं यंत्र, घेऊन आधी मॉडेल आयवर (नकली डोळ्यावर) बसा. झोत फिरवल्यावर बाहुलीतली छाया त्याच दिशेने गेली तर प्लस भिंग वाढवा, उलट गेली तर मायनस. हालचाल थांबून पूर्ण बाहुली एकदम उजळते तो तटस्थ बिंदू. मग तुमच्या कामाच्या अंतराची वजाबाकी: 66 सेंटिमीटरवर बसत असाल तर 1.5 डायॉप्टर (भिंगाच्या ताकदीचं माप), 50 वर 2. अंतर दोरीने मोजून ठेवा, कारण थकल्यावर आपण नकळत पुढे झुकतो. लहान मुलांची तपासणी थेंब टाकून, समायोजन (जवळचं पाहायला भिंगाने आपोआप फोकस बदलणं) शिथिल करूनच करा. आधी यंत्राचा आकडा न बघता तुमचा काढा, मग पडताळा. शंभर डोळ्यांनंतर फरक घटलेला दिसेल.

इनडायरेक्ट: उलटं जग

डायरेक्टमध्ये प्रतिमा सुमारे 15 पट मोठी पण दृश्य इवलंसं. डोक्यावर बांधायच्या इनडायरेक्ट ऑप्थॅल्मोस्कोपमध्ये 20 डायॉप्टरच्या भिंगातून प्रतिमा 3 पटच, पण रेटिनाचा पसारा मोठा. गोम अशी की वरचं खाली आणि डावं उजवीकडे दिसतं. मनातल्या मनात उलटवत बसू नका. झोपलेल्या पेशंटच्या छातीवर तक्त्याचा कागद उलटा ठेवा आणि भिंगात दिसतं तसंच काढा. कागद सरळ केला की नकाशा बरोबर येतो. रंगांचे संकेत जगभर बहुतेक सारखेच आहेत: जागेवरची रेटिना आणि धमन्या लाल, सुटलेली रेटिना आणि शिरा निळ्या, छिद्र लाल आणि त्याभोवती निळी कड, काचद्रव्यातला (डोळ्यात भरलेल्या जेलीतला) ढगाळपणा हिरवा, रंगद्रव्य काळं.

पहिले काही आठवडे हात थरथरेल, भिंगावर स्वतःच्याच दिव्याचं प्रतिबिंब येईल. भिंग जरासं तिरकं करा. करंगळी पेशंटच्या कपाळावर टेकवा. आणि अधूनमधून दिवा बाजूला घ्या. त्या झोतापुढे डोळा उघडा ठेवणं काय असतं, ते एकदा सहकाऱ्याला स्वतःचा डोळा देऊन अनुभवा.

रात्रीची ड्युटी

बहुतेक गोष्टी सकाळपर्यंत थांबतात. काही थांबत नाहीत. डोळ्यात चुना, ॲसिड किंवा कुठलंही रसायन गेलं असेल तर नाव, वय, दृष्टी काहीही विचारण्याआधी धुवायला घ्या. पापण्या उलटून, कानाकोपऱ्यातले कण काढून, पीएच स्थिरावेपर्यंत धुवा. डोळा फुटल्याची शंका आली तर दाब मोजू नका, पापण्या बळाने उघडू नका, कडक शील्ड लावा आणि ऑपरेशनची तयारी करा. अचानक पडलेली पापणी, बाहेर वळलेला डोळा आणि मोठी झालेली बाहुली, शिवाय डोकेदुखी: हे डोळ्याचं दुखणं नाही, मेंदूतल्या फुगलेल्या धमनीचं असू शकतं. साठीपुढच्या माणसाची दृष्टी एकाएकी गेली तर चावताना जबडा दुखतो का, केस विंचरताना टाळू दुखते का, हे विचारायला विसरू नका. जायंट सेल आर्टरायटिस (धमन्यांना सूज आणणारा आजार) असेल आणि उपचाराला उशीर झाला तर दुसरा डोळाही जाऊ शकतो.

हाताची पाळी

आधी नुसतं बघा, पण डोकं चालू ठेवून. ब्रिटिश नेत्रतज्ज्ञ हॅरॉल्ड रिडली मोतीबिंदूचं ऑपरेशन करत असताना बघायला उभ्या असलेल्या एका विद्यार्थ्याने विचारलं, की काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरं का नाही बसवत? युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले विमानाच्या छताचे ॲक्रिलिक तुकडे डोळा निमूट सोसतो, हे रिडलींना माहीत होतंच. 29 नोव्हेंबर 1949 रोजी लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये त्यांनी पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. बघ्यालाही काम असतं ते असं.

मग वेट लॅब, म्हणजे प्राण्यांच्या डोळ्यांवर सराव करायची प्रयोगशाळा. मायक्रोस्कोपखाली दोन्ही हात आणि दोन्ही पाय एकाच वेळी चालवायचे असतात. सहसा एका पायाखाली मायक्रोस्कोपचं पेडल, दुसऱ्याखाली फेकोचं, म्हणजे मोतीबिंदू अल्ट्रासाऊंडने फोडून ओढून घेणाऱ्या यंत्राचं. पहिले काही तास सुईला हातही न लावता फक्त फोकस, झूम आणि मध्य साधा. त्यानंतर 10-0 नायलॉनने टाके. हा धागा इतका बारीक की पंख्याच्या वाऱ्याने उडतो. डुकराच्या किंवा शेळीच्या डोळ्यावर चीर, टाके, भिंग बसवणं हे सगळं जमतं, मात्र डुकराच्या भिंगाचं आवरण माणसाच्यापेक्षा फार लवचीक असतं. त्यावर रेक्सिस (आवरणात गोल छिद्र पाडणं) निसटला म्हणून खचू नका, आणि सिम्युलेटरवर जमला म्हणून फुगूही नका.

खऱ्या पेशंटवर ऑपरेशन शेवटाकडून शिकावं, हे माझं ठाम मत. आधी शेवटची पायरी म्हणजे चिकट द्रव काढणं आणि चीर बंद करणं, मग भिंग बसवणं, मग उरलेला मऊ भाग ओढून घेणं, मग फेको, आणि सर्वांत शेवटी रेक्सिस. यामुळे तुमच्या हाती येणारा डोळा वरिष्ठाने व्यवस्थित आणून दिलेला असतो, आणि बिघडलं तरी पुढच्या पायऱ्या आधीच ठाऊक असतात. इंटरनॅशनल कौन्सिल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजीचे ऑस्कार नावाचे मूल्यमापन तक्ते प्रत्येक पायरीला वेगळे गुण देतात. ते छापून घ्या आणि दर ऑपरेशननंतर त्याच दिवशी वरिष्ठांकडून भरून घ्या. "बरं झालं" या शेऱ्यातून काही शिकता येत नाही.

रेक्सिस म्हणजे भिंगाच्या पुढच्या आवरणात 5 ते 5.5 मिलिमीटरचं अखंड गोल छिद्र. ते कडेकडे पळायला लागलं की नवखा आणखी जोरात ओढतो. थांबा. पळण्याचं नेहमीचं कारण म्हणजे उथळ झालेला पुढचा कप्पा. चिकट द्रव भरा. तरी वळत नसेल तर नेत्रसर्जन ब्रायन लिटल यांची युक्ती: पदर उलगडून सपाट करा, मुळाशी धरा, आधी ज्या वाटेने फाटत आला त्या वाटेने मागे ताणा आणि तसाच ताण ठेवून मध्याकडे न्या. लाल चमक नसलेल्या पिकलेल्या मोतीबिंदूत ट्रिपॅन ब्लू या निळ्या रंगाने आवरण रंगवून घ्या, त्यात कमीपणा नाही.

मागचं आवरण फाटणं प्रत्येकाच्या वाट्याला येतं. ते अवघं काही मायक्रॉन जाड असतं. माझ्या पहिल्या वेळी मी घाबरून फेकोचा प्रोब झटकन बाहेर काढला. कप्पा कोसळला, फट मोठी झाली आणि काचद्रव्य पुढे आलं. करायचं होतं ते उलट: प्रोब आतच ठेवून, पाणी चालू ठेवून, दुसऱ्या हाताने बाजूच्या चिरेतून चिकट द्रव भरायचा आणि मगच प्रोब काढायचा. हे बुद्धीला माहीत होतं, हाताला नव्हतं. म्हणून हा क्रम वेट लॅबमध्ये, काहीही फाटलेलं नसताना, पंचवीसदा करा.

आणि लक्षात ठेवा, पेशंट बहुतेक वेळा जागा असतो. चादरीखाली त्याला सगळं ऐकू येतं. "अरेरे" हा शब्द थिएटरमध्ये वर्ज्य. अडचण आल्याचं सांगायला वरिष्ठांशी आधीच एखादा साधा संकेत ठरवा. आमच्याकडे "सर, जरा फोकस बघता का?" एवढं पुरायचं. संमती घेताना शिकाऊ डॉक्टर सहभागी असणार हेही मोकळेपणाने सांगा. देखरेख कोणाची आहे हे कळलं की बरेच जण हो म्हणतात.

दुसऱ्या दिवशीची पट्टी

ऑपरेशन तुम्ही केलं असेल, त्यातली एखादी पायरी जरी केली असेल, तर दुसऱ्या दिवशी पट्टी तुम्हीच काढा. दृष्टी, चिरेची गळती, कॉर्नियाची सूज, कप्प्याची खोली, पेशी, बाहुलीचा आकार, भिंगाची जागा, दाब. वाढत जाणारं दुखणं, उतरणारी दृष्टी किंवा कप्प्यात साचलेला पू दिसला तर एंडोफ्थॅल्मायटिस (डोळ्याच्या आतला जंतुसंसर्ग) समजूनच पावलं उचला, त्यात तासांचा हिशोब असतो.

लॉगबुकात फक्त आकडा भरू नका. चार रकाने आखा: काय ठरवलं होतं, काय झालं, कुठल्या पायरीवर वरिष्ठांनी हात घेतला, आणि महिनाभराने नंबर किती आला. शेवटचा रकाना बहुतेकांचा रिकामा राहतो, कारण पेशंट तोवर दुसऱ्या टेबलावर गेलेला असतो. त्याला शोधून काढा. अपेक्षित नंबर आणि आलेला नंबर यांत 2.5 ते 3 डायॉप्टरचा फरक असेल तर डोळ्याची लांबी मोजताना साधारण 1 मिलिमीटरची चूक झालेली असू शकते. लांबी मोजणारा प्रोब कॉर्नियावर दाबला गेला तर डोळा खऱ्याहून आखूड मोजला जातो, भिंग जास्त ताकदीचं निवडलं जातं आणि पेशंटला मायनस नंबर येतो. अशी नोंद सापडली की त्या आठवड्यात बायोमेट्री (डोळ्याची मापं) करणाऱ्याच्या शेजारी स्टूल टाकून बसा, आणि पहिले दहा डोळे स्वतः मोजा.